तीस ग्रॅमची आंघोळ

बादली अठरा लिटरची. नळाचं पाणी पंचवीस अंश सेल्सिअस, अंगावर घ्यायला हवं चाळीस. मधले पंधरा अंश चढवायला गॅस किती लागेल? ज्यांच्याकडे गॅस गिझर आहे त्यांना विचारलं तर उत्तर सिलिंडरच्या हिशेबात मिळतं : महिनाभर जातो, दीड महिना जातो, पाहुणे आले की बघता बघता संपतो. ग्रॅममध्ये कुणी सांगत नाही. खरं तर सांगायला हवं, कारण आकडा ऐकून माणूस चमकतो. सुमारे ३० ग्रॅम.

गणित शाळेतलंच आहे. एक लिटर पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला एक किलोकॅलरी लागते. अठरा गुणिले पंधरा, २७० किलोकॅलरी. एक ग्रॅम एलपीजी नीट जळला की साधारण ११ किलोकॅलरी देतो. म्हणजे साडेचोवीस ग्रॅम; त्यातली थोडी उष्णता धुराबरोबर जाणारच, म्हणून तीस. दोन तांदळाच्या भाकऱ्यांत जेवढी ऊर्जा असते, तेवढ्यात एक आंघोळ होते. आता हाच हिशेब उलटा करून पाहा. तेवढीच ऊर्जा ती बादली उचलण्यात खर्च केली असती, तर बादली सहा किलोमीटरहून अधिक उंच गेली असती. कळसूबाई १६४६ मीटर. तशी जवळजवळ चार शिखरं एकावर एक ठेवा आणि भरलेली बादली माथ्यावर नेऊन ठेवा. पाणी कोमट करणं हे निसर्गाच्या हिशेबात इतकं महागडं काम आहे, आणि ते आपण अंगाला साबण लावायच्या आधी, जांभई देत देत उरकतो.

चौघांचं घर, रोज चार बादल्या, १२० ग्रॅम. १४.२ किलोचा सिलिंडर नुसता आंघोळीला लावला तर जवळजवळ चार महिने पुरायला हवा. तो दीड महिन्यात संपत असेल, तर दर आंघोळीला ऐंशी ग्रॅम जळतायत. मधले पन्नास ग्रॅम कुठे गेले? चोर शोधायचा तर आधी गॅस येतो कुठून आणि त्या पेटीत नेमकं काय घडतं, ते पाहायला हवं.

जासईकरांना गॅस येतो कुठून हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. उरण तालुक्यातलं हे गाव शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचं. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये पाच शेतकरी हुतात्मे झाले, ते याच टापूत. आज गावाच्या एका अंगाला डोंगर आणि दगडखाणी, दुसऱ्या अंगाला बंदराकडे जाणारी कंटेनर ट्रेलरची रांग. आणि थोडं पुढे, उरणच्या किनाऱ्यावर, ओएनजीसीचा प्रकल्प, ज्याची ज्योत रात्री लांबून दिसते.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राच्या तळाखाली तेल आणि वायू आहे हे 'सागर सम्राट' या खोदकाम रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये दाखवून दिलं. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तो वायू समुद्रतळावरच्या पाइपातून उरणला येतो. ज्या गाळापासून तो बनला, तो गाळ पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी साचला होता, दख्खनचा लाव्हा थंडावल्यानंतर लवकरच. जासईच्या खाणीत फुटणारा काळा दगड हा तोच लाव्हा. समुद्राखाली त्याच्याच विस्तारावर सूक्ष्म जीव आणि वनस्पतींचा चिखल बसत गेला, दाबाखाली शिजत गेला आणि त्याचं तेल-वायू झालं. जासईच्या घराचा पाया आणि त्या घरातल्या गिझरची ज्योत, भूगर्भाच्या इतिहासात दोघे तसे शेजारी.

उरणला आलेल्या वायूत बराचसा मिथेन. त्यातून प्रोपेन आणि ब्यूटेन वेगळे काढतात, कारण हे दोघे थोड्याशा दाबाने मुकाट्याने द्रव होतात. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली. दोघांना दाबून सिलिंडरमध्ये कोंबलं की अडीचशे लिटर वायू जेमतेम एका लिटरच्या जागेत मावतो. जवळच भेंडखळला भारत पेट्रोलियमचा प्रकल्प आहे, तिथे सिलिंडर भरतात. अर्थात देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त आयात होतो, त्यामुळे तुमच्या सिलिंडरमधला गॅस मुंबईजवळच्या त्या समुद्रातला, म्हणजे मुंबई हायचा, की जहाजाने आलेला आखाती, हे सिलिंडरलाही सांगता येणार नाही.

स्वयंपाकघरातला तो लाल सिलिंडर म्हणजे गॅसची नव्हे, उकळायला टपलेल्या द्रवाची टाकी आहे. कान लावला तर गिझर चालू असताना आत बारीक खदखद ऐकू येते. उकळायला उष्णता लागते, ती हा द्रव सिलिंडरच्या पत्र्यातून आणि पत्रा बाहेरच्या हवेतून ओढतो. म्हणून गिझर बराच वेळ चालला की सिलिंडरच्या खालच्या भागाला घाम फुटतो. जिथवर घाम, साधारण तिथवर द्रव. किती गॅस उरला ते सांगणारं फुकटचं मापक. रेग्युलेटर मग आतला दाब इतका खाली आणतो की नळीतल्या गॅसचा जोर फुटभर उंच पाण्याच्या स्तंभाएवढाच उरतो. शेगडी काय, गिझर काय, सगळं त्या फुटभर दाबावर चालतं.

आता पेटीकडे. बाथरूममधला नळ उघडल्यापासून ज्योत धरेपर्यंत दोनेक सेकंद जातात. तेवढ्यात जे घडतं ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

पाणी गिझरमध्ये शिरताच त्याला एका अरुंद गळ्यातून जावं लागतं. अरुंद जागेत पाण्याचा वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब उतरतो; हे बर्नुलीने १७३८ मध्ये मांडलं. गळ्याआधी दाब जास्त, गळ्यात कमी. दोन्हींच्या मध्ये रबराचा एक पातळ पडदा ताणून बसवलेला असतो. दाबातल्या फरकाने तो पडदा मिलिमीटरभर सरकतो, त्याला जोडलेली पितळी पिन पुढे येते आणि एक बटण दाबते. एवढाच काय तो निरोप : पाणी वाहतंय. मग दोन मोठे सेल कामाला लागतात. टिक्-टिक्-टिक् ठिणग्या उडतात, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, बर्नरवर ज्योतींची रांग भप्पकन धरते.

खरी गंमत पुढे आहे. ज्योत लागली हे त्या पेटीला कळतं कसं? तिला ना डोळा, ना त्वचा. बर्नरवर एक बारीक सळई ज्योतीत बुडालेली असते. ज्योतीत रेणू इतक्या जोराने तुटत-जुळत असतात की काही कण विद्युतभारित होतात, आणि त्यामुळे ज्योतीतून वीज वाहू शकते. हवेतून एरवी वाहत नाही, ज्योतीतून वाहते. सळईपासून बर्नरपर्यंत अँपिअरच्या दशलक्षांश भागाएवढा प्रवाह जातो. तो आहे तोवर व्हॉल्व्ह उघडा. वाऱ्याने ज्योत विझली की प्रवाह तुटला आणि गॅस बंद. दोन सेल आणि एक आग मिळून झालेला हा पहारेकरी आहे. सेल उतरले की ठिणगी येते पण व्हॉल्व्ह धरत नाही. मेकॅनिकला फोन करायच्या आधी सेल बदलून पाहावे.

गावातल्या घरांत या गिझरबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार म्हणजे 'पेटतच नाही'. दोष बहुधा टाकीचा असतो. पाणी वरून जितकं खाली येईल तितका दाब, एका मीटरला किलोचा दहावा भाग. टाकी स्लॅबवर टेकलेली आणि बाथरूम तिच्या लगेच खाली असेल तर पडदा सरकायला लागणारा दाबच मिळत नाही. टाकी लोखंडी स्टँडवर चढवणं, खाली येणारा पाइप जाड घेणं, गिझरच्या तोंडाशी असलेली जाळी काढून तिच्यातली रेती झटकणं, हे तीन उपाय बहुतेक वेळा पुरतात.

मिनिटाला सहा लिटरवाला लहान गिझर पूर्ण ज्योतीवर सुमारे बारा किलोवॅटने गॅस जाळतो. घरातल्या मोठ्या प्लगवरचा विजेचा गिझर दोन किंवा तीन किलोवॅटचा. म्हणजे भिंतीवर टांगलेली ती पत्र्याची पेटी चार विजेच्या गिझरांचं काम एकटी करत असते. तेवढीच वीज घ्यायची तर बावन्न अँपिअर लागतील. साध्या घराचं वायरिंग हात टेकेल.

ज्योतीचं तापमान दोन हजार अंशांच्या घरात जातं. तांबं १०८५ अंशांना वितळतं. ज्योतीच्या डोक्यावर असलेली जाळी आणि नळी मात्र तांब्याची! ती वितळत नाही, कारण आतलं पाणी तांब्याला तापायची सवडच देत नाही. पत्र्याइतक्या पातळ भिंतीच्या एका बाजूला वितळवणारी आग आणि दुसऱ्या बाजूला आंघोळीचं पाणी. पाण्याचा प्रत्येक थेंब त्या नळीत काही सेकंदच असतो आणि तेवढ्यात वीस-पंचवीस अंश चढून बाहेर पडतो.

या रचनेमागे एक जर्मन अभियंता आहे, ह्यूगो युंकर्स. त्याला गिझर करायचाच नव्हता. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो गॅसवर चालणाऱ्या इंजिनांवर काम करत होता आणि त्याला जाणून घ्यायचं होतं की अमुक इतक्या गॅसमध्ये नेमकी उष्णता किती. म्हणून त्याने एक उपकरण बनवलं : खाली गॅस जळतो, धूर पातळ नळ्यांतून जातो, नळ्यांभोवती पाणी वाहतं. पाणी किती गेलं, किती अंश तापलं, हे मोजलं की गॅसमधली उष्णता कळली. मोजमाप अचूक यायचं तर उष्णतेचा कण न् कण पाण्यात उतरायला हवा. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की मोजण्यासाठी केलेलं हे यंत्र पाणी तापवायला उत्तम आहे. १८९५ मध्ये देसाऊ गावी त्याने कंपनी काढली आणि आंघोळीचे गॅस हीटर विकायला सुरुवात केली. पातळ पत्र्याशी झालेली ओळख पुढेही कामी आली : १९१५ मध्ये उडालेलं पहिलं संपूर्ण धातूचं विमान याच युंकर्सचं.

तेव्हा बाथरूमबाहेर टांगलेला गिझर हे मुळात मापनयंत्र आहे, आणि त्याच्याकडून मोजमाप करून घेता येतं. लागतं काय? माप माहीत असलेली बादली, स्वयंपाकाचा किंवा प्रयोगशाळेचा थर्मामीटर, मोबाइलमधलं घड्याळ. नळाच्या पाण्याचं तापमान घ्या. गिझर लावा, पाणी गरम होऊन स्थिरावलं की बादली खाली सरकवा आणि घड्याळ सुरू करा. समजा दहा लिटर भरायला दोन मिनिटं लागली आणि पाणी पंचवीसचं अठ्ठेचाळीस झालं. दहा गुणिले तेवीस, २३० किलोकॅलरी दोन मिनिटांत, म्हणजे जवळजवळ आठ किलोवॅट पाण्यात उतरतायत. गिझरच्या पाटीवर गॅसचा खप किंवा किलोवॅट लिहिलेले असतात, त्याच्याशी ताडून पाहा. चांगल्या गिझरमध्ये जळलेल्या उष्णतेतली ८० टक्क्यांहून जास्त पाण्यात उतरायला हवी. मात्र ज्योत पूर्ण ठेवूनच मोजा. फारच कमी आली तर तांब्याच्या पापुद्र्यांमध्ये काजळी बसली आहे किंवा नळीच्या आत क्षार.

क्षारांचा प्रश्न पाण्यावर ठरतो. तालुक्यातल्या बऱ्याच गावांना रानसई धरणाचं पाणी येतं. सह्याद्रीच्या उतारावरचं पावसाचं पाणी, मवाळ. त्याने नळीत फारसा थर धरत नाही. उन्हाळ्यात टंचाई झाली की बोअरचं किंवा टँकरचं पाणी टाकीत पडतं, तेव्हा मात्र थर चढतो. तो आतून नळीला गोधडीसारखा लपेटतो आणि उष्णता पाण्यात उतरू देत नाही.

आता पन्नास ग्रॅमच्या चोराकडे. लोकांचा पहिला संशय ज्योतीवर जातो : ज्योत मोठी, म्हणून गॅस जास्त. तो संशय जवळजवळ खोटा आहे. मोठ्या ज्योतीवर बादली लवकर भरते, लहानीवर उशिरा, हिशेब साधारण सारखाच. पन्नास-साठ अंशांचं पाणी करून त्यात गार पाणी मिसळण्याऐवजी गॅसची चावी कमी करून थेट चाळीसचं पाणी घेतलं तर थोडी बचत होते, कारण तांबं गार राहिलं की धुरातली उष्णता जास्त शोषली जाते आणि पाइपातूनही कमी निसटते. पण ती थोडीच. इथे एक मर्यादाही आहे : ज्योत अगदीच मिणमिणती केली तर धूर इतका गार पडतो की त्यातली वाफ तांब्यावरच निवळून ठिबकते, आणि ते आम्लयुक्त पाणी वर्षानुवर्षं धातू खात राहतं.

खरा चोर पाइपात बसलेला असतो. अर्धा इंची पाइपाच्या आठ मीटर लांबीत साधारण एक लिटर पाणी मावतं. नळ बंद केला की पाइपातलं ते पन्नास अंशांचं पाणी तिथेच गार होतं; पुन्हा नळ उघडला की आधी ते गार लिटर मोरीत सोडून द्यायचं, मग पुन्हा नवं तापवायचं. दर खेपेला अडीच-तीन ग्रॅम गॅस आणि लिटरभर पाणी. पाइप गार होण्याइतक्या अंतराने चारदा उघडबंद झाली की दहा ग्रॅम गेले, आणि भिंतीआड गेल्यामुळे कुणाला कळतही नाही. उलट साबण लावताना नळ चालूच ठेवला तर दर मिनिटाला पंधरा ग्रॅम, म्हणजे दोन मिनिटांत अख्खी दुसरी आंघोळ. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहणाऱ्याचा खप दीडशे ग्रॅम. त्या घरी चोर शोधायची गरज नाही, तो गाणं म्हणत असतो.

तेव्हा सगळ्यात काटकसरीची पद्धत कोणती? बादली. एकदाच नळ उघडायचा, बादली भरायची, बंद करायचा. पुढचा माणूस तयार असेल तर पाइप गरम असतानाच त्याचीही भरून ठेवायची. नरक चतुर्दशीला पहाटे अख्खं घर उटणं लावून एकामागून एक न्हाणीत जातं, ती वर्षातली सगळ्यात कार्यक्षम आंघोळ. एरवी सातला एक, साडेआठला दुसरा, कॉलेजातून आल्यावर तिसरा, आणि प्रत्येकासाठी पाइप नव्याने तापवायचा.

जुन्या न्हाणीतला तांब्याचा बंबही इथे आठवतो. मधोमध उभी नळी, तिच्यात आग, भोवती पाणी. धूर नळीतून वर जाताना उष्णता पाण्याला देऊन जाणार. तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवला तर सरपणातल्या उष्णतेचा सहावा-सातवा हिस्साच पाण्याला मिळतो. बाकी घर तापतं आणि डोळे चुरचुरतात. ज्या कुणा तांबटाने पहिल्यांदा आग पाण्याच्या खालून काढून पाण्याच्या पोटात नेली, त्याने युंकर्सच्याच दिशेने पाऊल टाकलं होतं. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

पाइप छोटा हवा म्हणून गिझर बाथरूमच्या आतच लावावा, असं मात्र कुणाच्या मनात येत असेल तर इथे थांबायला हवं. गिझर गॅसबरोबर हवाही खातो आणि हवा तो फार जास्त खातो. एक ग्रॅम गॅस जळायला तेरा लिटरच्या आसपास हवा. तीस ग्रॅमच्या आंघोळीला चारशे लिटर. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये मुळात हवा आहे साडेपाच हजार लिटर. खोली पूर्ण बंद धरली तर दहा मिनिटांच्या शॉवरमध्ये हवेतला एकतृतीयांशाहून जास्त ऑक्सिजन संपेल. तो एकवीस टक्क्यांवरून दोन-तीन टक्के घसरला की ज्योत नीट जळेनाशी होते. कार्बनला दोन ऑक्सिजन मिळायचे तिथे एकच मिळतो, आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटीहून अधिक घट्ट धरून ठेवतं. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर कळावं म्हणून एलपीजीत मुद्दाम उग्र वासाचं रसायन घालतात. पण गॅस जळतो तेव्हा ते रसायनही जळून जातं. म्हणजे गळतीला वास येतो, विषारी धुराला येत नाही. आधी डोकं जड होतं, मग पायातलं बळ जातं, आणि माणूस आतून कडी लावलेल्या दाराआड कोसळतो. काहींना झटका येतो आणि घरच्यांना वाटतं फिट आली. आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांना हे प्रकरण इतकं ओळखीचं झालंय की त्याला 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नाव पडलं आहे. कुणी असं पडलं तर त्याला आधी उघड्यावर आणायचं, गॅस बंद करायचा, दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना सांगायचं की गिझर चालू होता. हे शेवटचं वाक्य बरेच जण विसरतात.

तेव्हा गिझर बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत, पावसापासून आडोसा करून, आणि भिंतीतून आत येणारा पाइप हातभर लांबीचा. सुरक्षितता आणि काटकसर दोन्ही एकाच खिळ्यावर टांगता येतात. गॅलरी बंद करून काच लावून घेतली असेल तर ती 'बाहेर' धरायची नाही. सिलिंडर जिथे असेल तिथे जमिनीलगतही हवेला वाट हवी, कारण एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला तर पाण्यासारखा खाली साचतो. बऱ्याच गिझरांत वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय असते. तिचा वैताग येतो, पण ती का ठेवलीय हे वरच्या हिशेबावरून कळेल.

ज्योतीचा रंगही बोलतो. निरोगी ज्योत निळी असते, तो रंग जळत्या वायूत क्षणभर जन्मून लगेच मरणाऱ्या कार्बनच्या अर्धवट रेणूंचा. ज्योत पिवळी, लांब, आळसावल्यासारखी डुलू लागली तर हवा कमी पडतेय. त्या पिवळेपणात तापून चमकणारी काजळी असते. ट्रेलरच्या रस्त्यालगतच्या घरांत धूळ बर्नरच्या हवेच्या भोकांत बसते, त्यामुळे हे लवकर होतं. पण खाडीकाठच्या गावांत आणखी एक प्रकार दिसतो : निळ्या ज्योतीत मधूनच नारिंगी ठिणगी चमकून जाते. तो हवेतल्या मिठाचा कण. मिठातलं सोडियम तापलं की त्याच पिवळ्या-नारिंगी रंगाने उजळतं, जो रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्यांत होता. एकदोन ठिणग्यांना घाबरायचं कारण नाही; समुद्र जवळ आहे इतकंच त्या सांगतात. सगळी ज्योत पिवळी झाली तर मात्र बर्नर साफ करून घ्यायचा.

गॅस जळताना आणखी एक गोष्ट बनते, जी ऐकून पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही : पाणी. प्रोपेन, ब्यूटेन दोन्हींत हायड्रोजन भरपूर, तो ऑक्सिजनशी जुळला की पाणीच होणार. एक किलो गॅसपासून दीड किलोहून जास्त. हिशेब केला तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून बावीस-तेवीस लिटर पाणी तयार होऊन वाफेच्या रूपाने उडून जातं. कोरड्या सिलिंडरमधून बादलीभर पाणी! थंड देशांत ही वाफ मुद्दाम निवळवून तिच्यातली उष्णताही परत मिळवणारे बॉयलर वापरतात. जासईच्या हवेत त्याची गरज नाही.

विजेचा गिझर बरा की गॅसचा, हा वाद उरणमध्ये फार छान मांडता येतो. बोकडविऱ्याला १९८०च्या दशकापासून गॅसवर चालणारं वीज केंद्र आहे. समुद्रातला वायू तिथे जाळून टर्बाइन फिरवायचं, वीज करायची, तारांतून घरी आणायची आणि पुन्हा पाणी तापवायचं, तर शंभर भाग उष्णतेतले चाळीसच्या आसपास बादलीत उतरतील. गॅस थेट भिंतीवर जाळला तर ऐंशीच्या वर. खर्चाचंही तसंच : सिलिंडर साडेआठशेचा धरला तर तीस ग्रॅमची आंघोळ पावणेदोन रुपयांत, विजेवर युनिटचे आठ-नऊ रुपये धरले तर तीन-साडेतीन. दर बदलले की हे आकडेही बदलतात.

पण दोघांनाही हरवणारा एक गिझर प्रत्येक गच्चीवर आहे : पाण्याची काळी टाकी. दुपारभर उन्हात उभी राहून ती संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान पाणी आयतं गरम करून देते. पहाटे त्याच टाकीतलं पाणी बावीस-तेवीस अंशांवर आलेलं असतं. संध्याकाळी पाणी पस्तीसचं असेल तर चाळीसपर्यंत पाचच अंश राहिले, म्हणजे तीसच्या जागी दहा ग्रॅम. पहाटेची आंघोळ सोडा असं कुणाला सांगण्यात अर्थ नाही, पण बंदरावरून पहिली पाळी करून येणाऱ्याला हे सहज जमतं. एप्रिल-मे महिन्यांत तर दुपारी नळ उघडला की हात मागे घ्यावा लागतो. तेव्हा सिलिंडरचा रेग्युलेटरच बंद करून ठेवावा.

चोर पकडला गेला की नाही, हे पाहायचं तर सिलिंडर तोलायचा. गिझरला वेगळा सिलिंडर असेल तर काम सोपं. वरच्या कड्याच्या आधारपट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं किंवा रंगवलेलं असतं, पंधरा-सोळा किलोच्या आसपास. रेग्युलेटर बंद करून सोडवायचा, सिलिंडर उभाच ठेवून वजन करायचं, पंधरवड्याने पुन्हा करायचं, मधल्या बादल्यांची संख्या दाराआडच्या कॅलेंडरवर रेघा मारून ठेवायची आणि भागाकार करायचा. चाळीस ग्रॅमच्या आत उत्तर आलं तर घर हुशार आहे. साठच्या वर आलं तर आधी पाइप मोजा, मग साबण लावताना नळ कोण चालू ठेवतं ते पाहा, आणि दोन्ही ठीक असेल तर मेकॅनिकला बोलावून वरचं झाकण उघडायला सांगा. पापुद्रे काळे दिसले तर सफाईचे पैसे वसूल होतील.